पंचवीस पिनांचं लॉक

आमच्या धंद्यात संगणकाचं वय पुढून कळायचं नाही, मागून कळायचं. पुढून सगळे सारखेच, पिवळट पांढरे खोके. मागे मात्र पंचवीस भोकांचं एक लांबट पोर्ट असे, त्यात पंचवीस पिनांचं लॉक बसवलेलं आणि त्या लॉकच्या पाठीत प्रिंटरची केबल खोचलेली. लॉक निघालं की मराठी बंद. इंग्रजी चालू राही, गाणी वाजत, पोरांचं पत्ते खेळणंही चाले, पण पडद्यावर मराठीचा एक काना उमटत नसे.

पुण्याच्या नारायण, सदाशिव, शनिवार या पेठांत १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत किती घरांच्या मधल्या खोलीत अशी यंत्रं चालू होती, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून तेव्हा जी पुस्तकं, गाईडं, व्यवसायमाला विकल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ माझ्यासारख्या बायकांनी पोळ्या आटोपल्यावर बसून जुळवलेल्या आहेत. मराठी मुद्रणाच्या इतिहासात गणपत कृष्णाजी येतात, निर्णयसागरचे जावजी दादाजी येतात, आणि ते यायलाच हवेत. घरगुती डीटीपीवाल्या बायका येत नाहीत. इथे सांगायचंय ते त्यांच्या यंत्राबद्दल. ते कसं वाढवलं, किती ताणलं, आणि शेवटी कशापायी बदलावं लागलं. कारण बाहेरच्या जगात संगणक जुना व्हायचा तो वेगाला कमी पडला म्हणून. आमचा जुना व्हायचा तो अक्षरांच्या पायी.

माझे सासरे बुधवारातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. मराठीची केस म्हणजे शेकडो घरं. अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, रफार-उकार वेगळे. खिळे झिजले, अक्षर पुसट उठायला लागलं, की मालक ते वजनावर फाउंड्रीला घालत आणि नवे आणत. तेच शिसं वितळून पुन्हा खिळे होत. सासऱ्यांच्या डोक्यात जुनं आणि नवं यांचा हिशेब असा साधा होता. संगणक घरात आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘झिजला की हा कोण घेणार?’’ उत्तर कुणालाच देता आलं नाही.

खिळ्यांकडून आमच्याकडे येताना मध्ये एक टप्पा होता, त्याचा आता विसर पडलाय. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम झालं होतं, ते तिथे पुढे गेलं आणि त्यातून ‘जिस्ट’ नावाचं कार्ड आलं. संगणक उघडायचा, आतल्या रिकाम्या स्लॉटमध्ये हे कार्ड खोचायचं, मग डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसे. म्हणजे मराठीसाठी संगणकात पहिली सुधारणा करावी लागली ती चक्क पेचकस घेऊन. मी डीटीपीचा कोर्स केला तिथल्या एका यंत्रात असं कार्ड होतं. सर ते दाखवत आणि झाकण लगेच लावून टाकत.

पुढे १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले आणि कार्डाची गरज संपली. अक्षरं आता साध्या फाइलीत मावू लागली. पण फाइल म्हटली की तिची नक्कल फ्लॉपीवर निघणारच, आणि फॉन्ट करणाऱ्यांनी तर एकेक वळण बसवायला वर्षं घातलेली. म्हणून लॉक आलं. पुण्यातल्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळुरूची आकृती, ही तेव्हाची मोठी नावं. फॉन्टवाल्यांची बाजू मला तेव्हाही पटत होती आणि आजही पटते. त्या काळात चोरी कशी चालायची ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं पहिलं यंत्र १९९५ च्या उन्हाळ्यात आलं. ४८६ डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्‌झ, ८ एमबी रॅम, ४२० एमबीची हार्ड डिस्क, चौदा इंची मॉनिटर. पतपेढीचं कर्ज काढलं होतं. कंपनीचा शिक्का असलेलं यंत्र परवडत नव्हतं, म्हणून असेंबल केलेलं घेतलं. जुळवून देणारा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता. तो सकाळच्या डेक्कन क्वीननं दादरला जाई, तिथून लोकलनं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत, आणि रात्री पाठीवरच्या सॅकमधून बोर्ड, रॅम, डिस्क घेऊन परत येई. सॅकमधूनच का, तर पुण्यात तेव्हा जकात होती आणि खोका हातात दिसला की नाक्यावर चौकशी होई. तो मला काकू म्हणायचा. ‘‘काकू, बिलाचं पाहिजे की बिनबिलाचं?’’ हा त्याचा पहिला प्रश्न. दोन्हींच्या दरांत चांगलाच फरक होता.

त्या लॅमिंग्टन रोडबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पेठेतल्या निम्म्या संगणकांचं माहेर तेच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनांचं नाव त्याला पडलं. पाटीवर कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालाय, पण दुकानदार, गिऱ्हाईक आणि टॅक्सीवाले यांनी जुनं नाव सोडलेलं नाही. आधी तो सिनेमावाल्यांचा रस्ता. मिनर्व्हा तिथलंच, ‘शोले’ वर्षानुवर्षं चालला ते. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या. त्यांच्या आसपास रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकानं होती, व्हॉल्व्ह गेले आणि ट्रान्झिस्टर आले, मग टीव्हीचे भाग, मग संगणकाचे. मी एकदाच गेले. चार फुटी गाळा, काउंटरवर भुईमुगाच्या शेंगा विकाव्यात तसा प्रोसेसरांचा ढीग, आणि दर सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा.

दर का हलतो हे कळायला मला वेळ लागला. असेंबलवाला सांगायचा की १९९३ च्या जुलैत जपानात निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांवर जे राळेचं आवरण असतं, त्या राळेचा जगातला मोठा हिस्सा तिथे तयार व्हायचा. तेव्हापासून रॅम कडाडली. आम्ही घेतलं तेव्हाही ती महागच होती. ८ एमबीची १६ एमबी करायला इतके पैसे पडले की त्यात घरात कपाट आलं असतं. पण पेजमेकरमध्ये दीडशे पानांची फाइल उघडली की डिस्क खरखरत बसे आणि मी तेवढ्या वेळात भाजी चिरून येई. रॅम घातल्यावर भाजीचा वेळ गेला.

डिस्कची कथा निराळीच. ४२० एमबी भरली म्हणून सव्वा जीबीची आणली, तर संगणकाला ती ५०४ एमबीच दिसायची. डिस्क चांगली होती. जुन्या बायोसला त्यापुढे मोजताच येत नव्हतं. मग एका फ्लॉपीवरून एक छोटा प्रोग्रॅम आधी चढवायचा, तो बायोसला फसवायचा, आणि उरलेली जागा हाती यायची. पुढे हीच गंमत ८.४ जीबीला झाली आणि १३७ जीबीलाही. प्रत्येक वेळी ‘इतकी जागा कुणाला लागणार’ असं कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं.

१९९७ च्या दिवाळीनंतर पेन्टियम एमएमएक्स बोर्ड बसवला. कॅबिनेट तेच, मॉनिटर तोच, कीबोर्ड तोच. जुन्या पद्धतीच्या बोर्डाला वीज देणारे दोन जोड शेजारी शेजारी लागत आणि ते उलटे बसले तर बोर्ड जळे. ‘‘काळ्याशेजारी काळी,’’ असेंबलवाला पुटपुटायचा. दोन्ही जोडांच्या काळ्या वायरी मध्ये एकत्र आल्या पाहिजेत, एवढाच नियम. तो मला पाठ झाला. पेन्टियमला ७२ पिनांची रॅम जोडीनंच लागते, एकटी पट्टी चालत नाही, कारण पट्टी ३२ बिटांची आणि प्रोसेसरची वाट ६४ बिटांची, हेही पाठ झालं. घरच्या बाईला हे कशाला, असं शेजारी म्हणत. ज्या बाईचं पान पहाटे प्रेसला जायचंय तिला लागतं.

दिवाळीनंतर का, तेही सांगते. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी छपाईचं वर्ष दिवाळीला बांधलेलं आहे. गणपती बसले की संपादकांचे मजकूर सुटतात. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत संगणकाचा एकही स्क्रू काढायचा नाही, हा आमच्या पेठेतला अलिखित कायदा होता. आवाज करतोय, तापतोय, मध्येच बंद पडतोय, तरी टेबलफॅन लावून चालवायचा. त्यातच खंडेनवमीला त्याची पूजा. सासरे पूर्वी स्टिक आणि केस पुजायचे. आता कीबोर्डवर झेंडू आणि मॉनिटरला कुंकवाचं बोट. दुसरा हंगाम एप्रिल-मेचा, जूनच्या आत गाईडं बाजारात लागत म्हणून. मधल्या फटीत जे काय दुरुस्त करायचं ते करायचं.

म्हणून १९९९ साल आमच्या लक्षात आहे. २६ एप्रिलला सीआयएच नावाचा व्हायरस जागा व्हायचा होता. तो डिस्कची सुरुवातच पुसून टाकी आणि काही बोर्डांचा बायोसही खराब करी, म्हणजे यंत्र परत उठतच नसे. चेर्नोबिलच्या अपघाताची ती तारीख, म्हणून पेपरांनी त्याला तेच नाव दिलं. आम्ही २५ च्या रात्री संगणकाची तारीख पुढे ढकलून ठेवली आणि २६ तारीख त्याला दाखवलीच नाही. पलीकडच्या बोळातल्या एका डीटीपीवाल्याचं मात्र यंत्र गेलं, ऐन गाईडांच्या हंगामात. तो आमच्याकडे रात्रपाळीला येऊन बसू लागला. पण त्याचे फॉन्ट दुसऱ्या कंपनीचे, म्हणून तो आपलं लॉकही घेऊन यायचा. माझं काढायचं, त्याचं लावायचं. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला, गणपती अजून बसलेले असताना, तैवानात मोठा भूकंप झाला. चिपा बनवणारे कारखाने थांबले आणि रॅमचे भाव चढले ते दिवाळी होईपर्यंत खाली येईनात. सासरे म्हणाले, ‘‘जमीन तिकडं हलली आणि खिसा इकडं.’’

पुढचा बोर्ड पेन्टियम फोरचा. त्याला आजार लागला तो कपॅसिटरचा. दोनेक वर्षांनी यंत्र अधूनमधून आपोआप बंद पडू लागलं. झाकण काढलं तर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकातून तपकिरी रस आलेला. त्या वर्षांत जगभर हेच चाललं होतं, आतला द्रव सदोष निघालेला. बोर्ड टाकून द्या, असं दुकानदार म्हणाला. तपकीर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकनं सगळे कपॅसिटर बदलून दिले. खर्च आला तो दोन किलो कांद्यांपेक्षा जास्त नव्हता. तो बोर्ड नंतर माझ्याकडे सर्वांत जास्त टिकला. लोडशेडिंगच्या दिवसांत यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत काम, मग अंधारात गप्पा.

आणि मग पोर्ट जायला लागलं. आधी लॅपटॉपवरून गेलं, नंतर २०१० च्या आगेमागे नव्या बोर्डांवरूनही. प्रिंटर यूएसबीवर गेले होते, त्यामुळे बाकी कुणाला त्या पंचवीस भोकांची आठवणही येईना. आमचं मात्र सगळं त्यातच अडकलेलं. यूएसबीला जोडायची एक केबल मिळायची, तिच्यावर प्रिंटर चाले, लॉक चालत नसे. त्या केबलला फक्त छापायचं कळे, लॉकशी प्रश्नोत्तरं करायचं नाही. वेगळं कार्ड बसवून पोर्ट मिळे, पण जुनी लॉकं ठरावीक पत्त्यावरचं पोर्ट शोधत आणि कार्डावरच्या पोर्टाला भलताच पत्ता मिळे. माझ्या पॅकेजवाल्यांनी लॉक बदलून देऊ म्हणून सांगितलं, पण नवी आवृत्ती घ्या, तिचे पैसे भरा. नवी आवृत्ती बसवली तर जुन्या पुस्तकांच्या ओळी सरकल्या. एका कादंबरीची शेवटची ओळ पुढच्या कोऱ्या पानावर गेली. मग लोक जुन्या बाजारात जाऊ लागले. बुधवारी आणि रविवारी तिथे भंगारात बोर्ड येत. एरवी खुंटीवर अडकवलेल्या बोर्डांत लोक चिपचं नाव वाचत. आमच्यातले लोक आधी बोर्ड उलटा करून पोर्ट आहे का पाहत. चार-पाच वर्षं मागचा बोर्ड जास्त पैसे देऊन घेणारं दुसरं गिऱ्हाईक त्या बाजारानं पाहिलं नसेल.

एवढा अट्टहास का? कारण फाइली. त्या फॉन्टांत २५६ जागा असत आणि प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं त्या भरलेल्या. एकीच्या ‘क’च्या जागी दुसरीचा अर्धा ‘ष’. त्यातून अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली. ‘कि’ लिहायचं तर ऱ्हस्व वेलांटी आधी, मग क. ‘र्क’ लिहायचं तर क आधी, मग रफार. युनिकोडनं हे उलटवलं; तिथे आपण उच्चारतो तो क्रम. क मग वेलांटी, र मग क. मला विचाराल तर तेच बरोबर. पण दोन्हींच्या मध्ये माझी वीस वर्षांची पुस्तकं होती.

युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्याच, १९९१ च्या आवृत्तीपासून होती. विंडोज २००० नं ती पडद्यावर आणली. एक्सपीत तिच्यासाठी एका चौकोनात टिचकी मारून सीडी घालावी लागे. ते करून दिल्याबद्दल पेठेतली पोरं पैसे घेत. मंगल हा फॉन्ट तेव्हापासून घराघरांत गेला. तो र. कृ. जोशींनी काढलेला, कवी आणि सुलेखनकार म्हणून आपल्याला माहीत असलेल्या त्याच जोशींनी. तरी पुस्तकाच्या पानावर तो चालेना, कारण पेजमेकरला युनिकोड कधी कळलाच नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि आम्ही ती पुढे दहा-बारा वर्षं ओढली. इनडिझाइनमध्ये आपली जोडाक्षरं सरळ बसू लागली ती २०१२ च्या सीएस सिक्सपासून. तेव्हा कुठे प्रकाशक म्हणू लागले, ‘‘ताई, फाइल युनिकोडमध्येच द्या, ई-बुक करायचंय.’’

एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला त्याची आमच्यात कुणी पर्वा केली नाही; त्या यंत्राला इंटरनेटच नव्हतं. मी त्याच वर्षी नवा संगणक घेतला, तो एका प्रकाशकाच्या पंचवीस पुस्तकांच्या मालेसाठी. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ६४ बिटी विंडोज. जुनं पॅकेज त्याच्यावर चढेना. म्हणून दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. डावीकडे जुनी पुस्तकं, उजवीकडे नवी. ही सोय सहा महिन्यांसाठी होती, ती कितीतरी वर्षं चालली. घरात कुणालाही विचारा, नवा संगणक कधी घेतला, उत्तर एका तारखेत येणार नाही.

जुना मॉनिटर मात्र गेला. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले होते, पण गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याला ते माहीत नव्हते. मॉनिटरच्या काचेत शिसं असतं हे मी त्याला सांगितलं. ‘‘मग वजन भरेल,’’ तो खूश होऊन म्हणाला. सासरे तेव्हा नव्हते. मी तो त्याला दिला नाही, कचरा रीतसर घेणाऱ्यांकडे रिक्षातून नेऊन टाकला, आणि रिक्षाचे पैसे माझेच गेले.

नव्या यंत्रात पुढे ८ जीबी रॅम झाली, एसएसडी बसली, आणि ते पहिल्यापेक्षा चपळ झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप, माझी चौथी. म्हणजे यंत्र धडधाकट, आणि वर मोठ्या कंपनीनं सांगायचं की हे चालणार नाही. मला राग आला. भाच्यानं लिनक्स घालून देतो म्हटलं, पण प्रकाशकाला इनडिझाइनचीच फाइल हवी. दिवाळी अंक हातावेगळे केले आणि नवा संगणक आणला. ‘मुक्ता’ हा फॉन्ट मोकळाच मिळतो, फाइली पेनड्राइव्हवरून उचलल्या, आणि दुपारच्या चहाच्या आत मी उरलेलं प्रकरण पुढे जुळवत होते. लॉक नाही, जुनी अक्षरं युनिकोडमध्ये उतरवणारा कन्व्हर्टर नाही, बोर्ड उलटा करून बघणं नाही. पंचवीसेक वर्षं जो उपद्व्याप केला, तो नव्या मुलींना सांगितला तर त्या मान डोलावतात. समजलेलं काही दिसत नाही.

पेन्टियम फोर माळ्यावर आहे. ज्या प्रकाशकाला १९९८ चं पुस्तक परत काढायचं असतं, त्याला माझ्याकडे यावं लागतं. फाइल जुन्यात उघडायची, कन्व्हर्टरमधून काढायची, आणि मग पानन् पान वाचायचं. कन्व्हर्टर ‘ऱ्या’ बिघडवतो, ‘राष्ट्र’ मोडतो, रफार शेजारच्या अक्षरावर टाकतो, आणि ल आणि श हिंदी वळणाचे आणून ठेवतो, जे मराठी डोळ्याला खुपतात. त्यामुळे या कामाला मी नव्या जुळणीचाच दर लावते. प्रकाशक म्हणतात, फाइल तर तयार आहे. मी म्हणते, मग तुमच्या संगणकावर उघडून बघा.